मोठ्या जहाजाचा मोह

मराठा आरमाराच्या प्रतिकृतींना सध्या बरे दिवस आले आहेत. कोकणातल्या किल्ल्यांच्या पायथ्याशी, भेटवस्तूंच्या दुकानांत, कार्यालयांच्या दर्शनी कपाटांत भगवे निशाण लावलेली लाकडी जहाजे दिसतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत, तेव्हा जहाजांची मागणी आणखी वाढणार हे उघड आहे. आनंद वाटावा अशीच ही गोष्ट. पण यांतले एखादे जहाज हातात घेऊन नीट पाहिले की तो आनंद टिकत नाही. बहुतेक जहाजे मराठ्यांची नाहीतच.

माझ्या टेबलावर असे एक जहाज आहे. पाटीवर ‘गुराब, मराठा आरमार’ असे कोरलेले. तीन उंच डोलकाठ्या, प्रत्येकीवर एकावर एक तीन चौकोनी शिडे. मागच्या बाजूला नक्षीदार खिडक्यांचा दुमजली सज्जा. दोन्ही अंगांना तोफांच्या दोन-दोन ओळी. नाळेवर जबडा उघडलेला सिंह. पोट इतके खोल की कोकणातल्या कुठल्याही खाडीत शिरताच ते गाळात रुतेल. वल्हे मात्र एकही नाही. हा सांगाडा सरळसरळ युरोपीय युद्धनौकेचा आहे. ज्या जातीच्या जहाजांशी मराठे लढले, तिलाच भगवे लावून आपण दिवाणखान्यात मांडले आहे.

हे अज्ञान असते तर मी लिहिले नसते. अज्ञान दूर करता येते. यामागे मोह आहे. आपले जहाज इंग्रजांच्या जहाजाएवढे उंच, तेवढेच तोफांनी भरलेले दिसले पाहिजे हा तो मोह. त्याच्या पायी मराठी आरमाराचा जो खरा गुण होता, तोच आपण पुसून टाकतो आहोत.

जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्यांचे आपल्याकडे आज बरेच पंथ आहेत. प्लास्टिकच्या किटमधून ‘बिस्मार्क’ आणि ‘यामातो’ जोडणाऱ्यांचे कसब वादातीत आहे, पण त्यांच्यापुढचे सगळे प्रश्न किट बनवणाऱ्याने आधीच सोडवलेले असतात. काडेपेटीच्या काड्यांची जहाजे ही चिकाटीची परीक्षा आहे, तिचा इतिहासाशी संबंध नाही. विमानवाहू ‘विक्रांत’च्या काचेच्या पेटीतल्या प्रतिकृती निरोपसमारंभासाठी ठीक. थ्रीडी प्रिंटिंगने हात बदलला, डोके बदलले नाही. चुकीचा आराखडा आता तासाभरात निघतो, एवढाच फरक. मुंबईच्या वाडियांनी बांधलेल्या जहाजांकडे वळलेले थोडे लोक मात्र मला आदरणीय वाटतात. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीतून उतरलेली सागवानी ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे, आणि जहाजच शाबूत असल्याने तिची प्रतिकृती मोजून-मापून करता येते.

माझा जीव गुंतला आहे तो आणखी एका पंथात. आराखडा नाही, सांगाडा नाही, समुद्रतळावरून वर काढलेले अवशेष नाहीत, तरी जे मिळेल त्या पुराव्याला धरून गुराब आणि गलबत उभे करू पाहणाऱ्यांचा हा पंथ. संख्येने अगदी थोडे, पण या कलेचे भवितव्य त्यांच्याच हातात आहे असे मी मानतो.

पुरावा नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. १७६३ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात मराठा आरमार सांभाळणाऱ्या आंगऱ्यांच्या जहाजांचे वर्णन आहे. शत्रुपक्षाचा माणूस, पण नजर तपशिलाची. गुराबेला बहुधा दोनच डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन काठ्यांची दीडशेच्या आत. लांबीच्या मानाने रुंद, आणि पाण्यात फार खोल न बसणारी. पुढे उंच छाती नाही. भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या नौकांसारखी नाळ पुढे काढलेली. समोरच्या लाटा या नाळेवर आदळत, म्हणून तिच्यावरच्या फळ्यांना कठडा नसे. आलेले पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जाई. पुढच्या आडभिंतीत दोन खिडक्या, त्यांतून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा नाळेवरून समोर डागायच्या.

आता टेबलावरचा तो सिंह पुन्हा पाहा. तोफांच्या तोंडासमोर तो बसवला आहे आणि भोवती कठडा उभारला आहे. या गुराबेचा पहिलाच गोळा तिची स्वतःची नाळ फोडील. तोफ कुठून कुठे डागायची, हा साधा प्रश्न कारागिराला पडलाच नाही.

तो पडला असता तर लढण्याची सगळी रीत त्याच्यापुढे उलगडली असती. ऑर्म सांगतो की आंगऱ्यांचे आरमार मोठ्या जहाजाच्या पिछाडीला गोळा होई. वारा पडला असेल तर गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही बगलांना असतात, पिछाडीला थोड्याच. तिथून गुराबा आपल्या समोरच्या तोफांनी डोलकाठ्यांवर नेम धरत. तिन्ही काठ्या एकाच वेळी नजरेस पडल्या की गोळा बहुधा कुठल्या तरी काठीला लागे. जहाज लंगडे झाले की माणसांनी भरलेली गलबते त्याला भिडत. उघडी नाळ, उथळ पोट, समोरच्या तोफा, वल्ही यांतला एक जरी भाग बदलला तरी ही लढाई लढता येत नाही.

गलबताचे उदाहरण तर आणखी बोलके. ऑर्मच्या हिशेबाने मोठ्यात मोठे गलबत सत्तर टनांच्या आसपास. दोन काठ्या, त्यांतली मागची अगदी बारीक. मुख्य काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, ज्याचे टोक काठीच्याही वर जाई. वजन कमी राहावे म्हणून पुष्कळ गलबतांवर चिरलेल्या बांबूंचे आच्छादन. आणि चाळीस ते पन्नास वल्ही. लांबीचा आकडा हातात नसला तरी इथे कारागीर इतिहासकाराच्या पुढे जाऊ शकतो. चाळीस वल्ही म्हणजे एका बाजूला वीस. वल्हे ओढणाऱ्याला पुढे-मागे हलायला तीन फूट तरी जागा हवी. वीस वल्ह्यांची रांग साठ फुटांची झाली. नाळ आणि सुकाणूकडची जागा निराळी. एकास अठ्ठेचाळीस या स्केलवर ही नुसती रांगच सव्वा फूट भरते. ती बसवायला घेतली की कळते, एवढी लांबी आणि सत्तर टनांच्या आत वजन यांचा मेळ घालायचा तर हे जहाज अरुंद, ठेंगणे आणि उथळच असले पाहिजे. हे अनुमान लाकूड कापणाऱ्याला हातानेच करावे लागते. म्हणून प्रतिकृती हे संशोधन आहे, असे मी म्हणतो.

पुरावे एवढ्यावर संपत नाहीत. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर शिलाहार-यादव काळातली वल्ह्यांची लढाऊ जहाजे दगडात कोरलेली आहेत. जॉन एडाय याने १८३४ मध्ये आणि फ्रेंच नौदलाच्या पारिसने १८४०च्या दशकात पश्चिम किनाऱ्याच्या पत्तेमारीचे आराखडे प्रसिद्ध केले. पत्तेमारी व्यापारी जहाज, शिवाय शंभर वर्षे उशिराचे. पण त्याच किनाऱ्याच्या सुतारांच्या हातचे. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत कातळात खोदलेली आंगऱ्यांची गोदी अजून आहे. बी. के. आपट्यांचा मराठा आरमारावरचा १९७३चा ग्रंथ आहे, मेहेंदळे-शिंत्रे यांचे ‘शिवछत्रपतींचे आरमार’ आहे. एवढे समोर असताना युरोपीय जहाजाची नक्कल करायला कारणच उरत नाही.

समुद्रापासून रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरवरच्या शेगावात राहून मी हे लिहितो आहे. पण आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या भिंतीवर, पाचव्या शतकातले एक जहाज रंगवलेले आहे, आणि मला या लेखाला बसवले ते त्यानेच. त्या चित्रावरून नौदलाने गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सकडून, केरळच्या कारागिरांच्या हातून, फळ्या काथ्याने शिवलेले जहाज बांधून घेतले. मे २०२५ मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने दाखल झाले आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. जुना आराखडा एकही नव्हता. म्हणून आधी आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या. चित्रातला आकार पाण्यावर कसा वागतो ते पाहिले, आणि मगच खऱ्या फळ्यांना हात लावला.

त्याच जहाजावर कदंबांचा गंडभेरुंड शिडावर, सिंहयाळी नाळेवर आणि हडप्पा धाटणीचा दगडी नांगर डेकवर, असे निरनिराळ्या काळांचे अलंकार एकत्र आणले, ते मला पसंत नाही. सांगाड्याला जी शिस्त लावली ती सजावटीला लावली नाही. पण सांगाड्याची शिस्त हाच धडा आहे. एका भित्तिचित्रावरून समुद्रात जाणारे जहाज होते, तर ऑर्म, एडाय, पारिस आणि एकसर हाताशी असताना दीड हाताची गुराब का होऊ नये?

यावर दोन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले असे की शिवरायांनी १६५९च्या सुमारास रुई लैताव व्हिएगस आणि त्याचा मुलगा या पोर्तुगीज कारागिरांना कामाला लावले होते, तेव्हा जहाजे युरोपीय ढंगाची असणारच. पण हे पितापुत्र काम सोडून निघून गेले. वीस वर्षांनी खांदेरीला मराठे लढले ते वल्ह्यांच्या गलबतांनीच.

खांदेरीची हकीगत सगळ्यांना ठाऊक आहे, तिचा अर्थ मात्र प्रतिकृतींत उतरत नाही. १६७९च्या पावसाळ्यात मराठ्यांच्या मायनाक भंडाऱ्याने खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला, मुंबईकर इंग्रजांनी रसद तोडायला जहाजे लावली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे मराठी आरमार नागावच्या बाजूने बाहेर पडले. इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब शरण आली. ‘रिव्हेंज’ हे मोठे फ्रिगेट तोफांच्या जोरावर टिकले आणि गलबतांना मागे फिरावे लागले. समोरासमोर त्या दिवशी मोठे जहाजच वरचढ ठरले, हे मान्य करू. तरीही बेट मराठ्यांकडेच राहिले, कारण हलकी होडकी अंधारात, उथळ पाण्यातून, खडकांच्या फटींतून माणसे आणि सामान पोहोचवतच राहिली. मोठ्या जहाजांना तिथे शिरताच येईना. १६८०च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला.

हे लहानपण नाइलाजाचे नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात ते धोरण म्हणून मांडले: गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे बांधूच नयेत. ज्या राज्याच्या अमात्याने मोठ्या जहाजाचा मोह विचारपूर्वक नाकारला, त्याच राज्याच्या नावाने आपण ती मोठी जहाजे विकतो आहोत.

दुसरे उत्तर असे की भावना महत्त्वाची, तपशील कोण पाहतो? तपशील आमच्याकडची मुले पाहतात. घाटावरच्या, वऱ्हाडातल्या मुलाला समुद्र दिसण्याआधी जहाज दिसते ते शाळेच्या किंवा दुकानाच्या कपाटातले. त्यात वल्ही नसतील तर मराठे वाऱ्याविना लढत होते हे त्याला कधीच कळणार नाही. इंग्रजांचीच जहाजे आपल्याकडेही होती, फक्त निशाण वेगळे, एवढेच तो शिकेल. आणि मग कान्होजी आंगऱ्यांनी इतकी वर्षे कंपनीला जेरीस कसे आणले याचे उत्तर त्याला पराक्रमाच्या गोष्टींतच शोधावे लागेल. पराक्रम होताच. पण त्याच्या मागे सुताराची आणि तांडेलाची बुद्धी होती, आणि खोटी प्रतिकृती नेमकी तीच नाकारते.

इतिहासकारांनाही यातून सोडता येत नाही. गुराब, गलबत, पाल, शिबाड, मचवा, तरांडे अशी यादी ग्रंथांत वर्षानुवर्षे उतरवली जाते. त्यातले किती रुंद, किती खोल, वल्ही कुठे बसत, हे विचारायला इतिहासकार सुताराकडे जात नाहीत आणि सुतार त्यांच्याकडे जात नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज नौसेनापती वॉटसनच्या तोफांसमोर विजयदुर्गच्या बंदरात तुळाजी आंगऱ्यांचे आरमार पेटले. कंपनीकडून धरलेल्या ‘रिस्टोरेशन’ या मोठ्या जहाजावर आग लागली आणि शेजारी बांधून ठेवलेल्या गुराबांत पसरली. मोकळ्या पाण्यात चपळाईने लढण्यासाठी घडवलेले आरमार एका जागी जखडलेले असताना जळाले. मोजायला एकही सांगाडा मागे राहिला नाही, म्हणून प्रतिकृतीवरची जबाबदारी दुप्पट होते.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. ‘मराठा आरमार’ या नावाने जहाज करणाऱ्याने स्केल सांगावे. कोणता भाग पुराव्याने केला आणि कोणता अंदाजाने, हे पाटीवर लिहावे; अंदाज करण्यात कमीपणा नाही, तो लपवण्यात आहे. सरकारी संग्रहालयांनी गुराब आणि गलबत यांचे अभ्यासपूर्वक केलेले आराखडे छापून अल्प किमतीत खुले करावेत, म्हणजे शेगावच्या सुतारालाही ते वापरता येतील. दिवाळीत सिंधुदुर्ग किंवा खांदेरीचा किल्ला करणाऱ्या मंडळांनी भोवतीच्या पाण्यात वल्ह्यांची उथळ गलबते सोडावीत, आणि परीक्षकांनी तटाच्या बुरुजांइतकेच गुण त्या गलबतांना द्यावेत. ज्याला एवढे करायचे नसेल त्याने खुशाल उंच शिडांचे, सिंहाच्या नाळेचे जहाज करावे. मात्र त्यावरचे भगवे उतरवावे आणि ते ज्यांचे आहे त्यांचे नाव त्याला द्यावे.