‘मोडशी’ आणि पटकी : एका कोशनोंदीचा परामर्श

यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (इ. स. १८८६) या कोशांतील एक नोंद आमच्या संशोधकांत वारंवार प्रमाण म्हणून पुढें केली जाते. मराठी-कोंकणी ‘मोडशी’ हा शब्द पोर्तुगिजांच्या तोंडीं विकृत झाला, आणि पुढें फ्रेंच वळणानें त्याचें ‘कुत्र्याचें मरण’ असें रूप बनलें, ही व्युत्पत्ति कोशकारांनीं चांगली उलगडली आहे. तिला आमचा आक्षेप नाहीं. आक्षेप आहे तो मोडशी म्हणजे पटकीच, या समीकरणास.

गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत या रोगाचें वर्णन केलें आहे. नाडी क्षीण होते व रोगी बहुधा एका दिवसांत दगावतो, असें तो सांगतो. तेथें पटकी मानण्यास हरकत नाहीं. परंतु तें बळ वर्णनाचें, शब्दाचें नव्हे. मराठींत मोडशी साध्या अजीर्णासहि म्हणतात. माधवनिदानांतहि विषूचिका अजीर्णाच्याच प्रकरणांत येते, आणि तिचें नांव सुईसारख्या टोचणीवरून पडलें आहे, कारणावरून नव्हे. वांती व अतिसार अनेक जंतूंनीं होतात, नासक्या अन्नाच्या विषानेंहि होतात. पटकीचा विशिष्ट जंतु पाचिनीनें १८५४ सालीं पाहिला. कॉखनें कलकत्त्यांतील अभ्यासानंतर १८८४ सालीं तोच कारण म्हणून पुढें मांडला. त्याचें विष आंतड्यांतून शरीरांतील पाणी ओढून काढतें, हें शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं दाखविलें. एवढा भेद जुन्या वैद्याच्या एका शब्दांत शोधणें हा त्या शब्दावर अन्याय होय.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १८१७ सालीं जेसोरकडून पसरलेली साथ नवी होती कीं जुनीच, हा वाद अशाच नोंदींवर चालतो. बाडांतील ‘मोडशी’ सूचींत ‘कॉलरा’ म्हणून उतरली, कीं पुढचा अभ्यासक ती पुरावा म्हणून मोजतो. मूळ पान कोण उघडतो!

आमच्या मुळशी तालुक्यांत धरणानें गांवें उठलीं, तेव्हां कित्येक घरांतील दप्तरें धन्यांबरोबर परागंदा झालीं असतील. जीं हातीं येतील त्यांच्या सूचींत मोडशी, जरीमरी, पटकी हे शब्द जसेच्या तसे उतरावेत. शेजारीं महिना, रोगी किती प्रहर जगला, हातापायांस वळ आले काय, एवढें आढळेल तें नोंदवावें. रोगाचें आधुनिक नांव वैद्यकवेत्त्यांनीं मागाहून ठरवावें.