गुलामाचें नांव

पत्त्यांतील ज्या पानास आपण गुलाम म्हणतों, त्यास इंग्रजींत जॅक म्हणतात. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या १८६१ सालीं पुरी झालेल्या कादंबरींत लोहाराच्या घरीं वाढलेला पिप त्या पानास 'नेव्ह' न म्हणतां 'जॅक' म्हणतो, आणि तेवढ्यावरून एस्टेला त्याचा उपहास करते; त्याचे खरखरीत हात व जाड बूट मग ओघानेंच येतात. एका शब्दावरून एवढा अपमान कां, हें वर्गांत समजावून सांगणें मला नेहमीं जड जाई.

जॅक हें जॉन या नांवाचें घरगुती रूप. तें इतकें सर्रास झालें कीं वाटेल त्या पोऱ्यास, खलाशास, हरकाम्यास चिकटलें. पुढें त्याच्या जागीं आलेल्या अवजारांसहि. पायांतला बूट ओढून काढणारा बूटजॅक, विस्तवावर मांस फिरविणारा जॅक, मोटार उचलणारा जॅक, हीं सारीं गड्याचीं कामें होत. माणूस गेला, नांव तेवढें लोखंडाला उरलें! (फणसाच्या इंग्रजी नांवांतील जॅक मात्र तोतया. तो मल्याळी 'चक्का'पासून, पोर्तुगीज 'जाका'च्या वाटेनें तेथें पोंचला.)

बालगीतें व कहाण्या यांचा न्याय निराळा आहे. तेथें पाणी आणावयास गेलेला जॅक डोकें फोडून घेतो खरा, पण घेवड्याच्या वेलावर चढून राक्षसाचें सोनें आणणाराहि जॅकच. आमचे समीक्षक हें वाङ्मय बालिश म्हणून बाजूस सारतात, तें मला मान्य नाहीं. दिवाणखान्यांत हिणविलेल्या नांवास नायकपद दिलें तें यानेंच. तथापि जॅकनें बांधलेल्या घराचें गीत घ्या. उंदीर, मांजर, कुत्रा, गाय, शेतकरी, सारे त्यांत येतात. प्रत्येक कडवें जॅकच्या नांवापाशीं येऊन थांबतें. आणि जॅक स्वतः एकदांहि दृष्टीस पडत नाहीं.

मराठींत 'रामागडी' हा शब्द आहेच. लहानपणीं आमच्या घरच्या गड्यास आम्ही सारे रामा म्हणून हांक मारीत असूं. तो वारल्यावर त्याचा मुलगा राहिलेला पगार न्यावयास गांवाहून आला. त्यानें बापाचें नांव सांगितलें, तें आमच्यापैकीं कोणासच ओळखूं आलें नाहीं.