सासष्टीचे पाद्री आणि त्यांची मराठी

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव ज्याने ऐकलेले नाही असा मराठी वाचक विरळा. तथापि त्यांच्याशी असलेली आपली ओळख बहुधा चार-पाच ओव्यांपलीकडे जात नाही. रत्ने, फुले, सुगंध यांच्या उपमा देऊन मराठीचा गौरव करणाऱ्या त्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून आल्या, संमेलनांच्या भाषणांतून आल्या, आणि भाषाविषयक प्रत्येक समारंभात त्या म्हटल्या जातात. परक्याच्या तोंडची स्तुती गोड लागते हे खरेच. परंतु सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून एवढाच उतारा काढून घेऊन ग्रंथ फडताळात ठेवून द्यावा, हा व्यवहार आम्हांस उचित वाटत नाही. यामुळे स्टीफन्स हे एखाद्या सभेस आलेले पाहुणे ठरले. ते पाहुणे नव्हते. १५७९ साली ते गोव्यास उतरले आणि १६१९ साली गोव्यातच निवर्तले. मधली चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः सासष्टीत, आपल्या धर्माची चाकरी करण्यात घालविली. ‘ख्रिस्तपुराण’ हे त्या चाकरीतून निपजलेले काम आहे, आणि ते तसेच वाचले पाहिजे, असे आमचे मत आहे.

या चाकरीचा आरंभ कसा झाला ते त्यांच्याच पत्रातून कळते. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोचला. १० नोव्हेंबरला स्टीफन्स यांनी इंग्लंडात वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. हे पत्र पुढे हॅक्लुटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले, म्हणून इतिहासकार त्याचा उपयोग करतात. आम्हांस त्यात रस वाटतो तो निराळ्या कारणाने. तीस वर्षांचा हा जेझुइट वडिलांना धर्माची व्याख्याने देत नाही. तोफांचे आवाज, उडणारे मासे, सुजलेल्या हिरड्या, दीडशेवर आजारी आणि त्यांतले सत्तावीस मृत, हे सारे तो नेटकेपणाने नोंदवितो. सत्तावीस ही संख्या त्या काळच्या हिशेबाने थोडीच, हेही सांगावयास विसरत नाही. गोव्याच्या झाडांविषयी मात्र लिहावयाचे तर दुसरे एवढेच पत्र होईल, असे म्हणून तो थांबतो. द्राक्षवेल सोडली तर युरोपातले एकही झाड येथे दिसले नाही, एवढेच सांगतो. पुढे २४ ऑक्टोबर १५८३ रोजी पॅरिसमधील भावास लिहिलेल्या लॅटिन पत्रात माडाचे सविस्तर वर्णन येते. चार वर्षांत डोळा या मातीवर स्थिरावला, हे त्यावरून दिसते.

याच दुसऱ्या पत्रात येथील भाषांविषयी चार वाक्ये आहेत. या भाषांचे उच्चार रम्य असून त्यांची रचना लॅटिन आणि ग्रीकशी मिळतीजुळती आहे, असे त्यांत म्हटले आहे. तौलनिक भाषाशास्त्राचा पहिला उद्गार म्हणून या वाक्याचा गौरव होतो, आणि तो रास्तच आहे. आमचे लक्ष त्यालगतच्या वाक्याकडे जाते. येथील अक्षरे ही एकेका उच्चारखंडाची असतात, आणि व्यंजनस्वरांच्या जितक्या जोड्या, तितकी त्यांची रूपे होतात, हे स्टीफन्स यांना १५८३ सालीच उमगले होते. पंचवीस वर्षांनी, १६०८ साली, जेझुइट संघाच्या प्रमुखांस लिहिलेल्या पत्रात हीच गोष्ट पुन्हा येते. मात्र आता ती अडचण म्हणून. मलबारात तेथील लिपीत पुस्तके छापली जातात, तशी येथेही छापावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. परंतु युरोपात चोवीस साचे पुरतात, तेथे या लिपीला सुमारे सहाशे लागतील, म्हणून काम अडले आहे, अशी त्यांची तक्रार आहे. तरुणपणी ज्या गोष्टीचे कौतुक केले, तिच्याशीच उतारवयात झुंजावे लागले. भाषेवरील प्रेम कशाला म्हणावे, हे उपमांच्या त्या ओव्यांपेक्षा या दोन पत्रांतील अंतरावरून अधिक कळते. अखेर १६१६ साली ग्रंथ छापला गेला तो राचोलास, रोमन लिपीत.

ग्रंथाची चौकट ही या माणसाच्या दिनक्रमाची चौकट आहे. इगर्जीत धर्मशिक्षणाचा वर्ग चालू आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठून विचारतो की आमची पूर्वीची पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केली, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही का देत नाही? पुराणांच्या धर्तीचे ओवीबद्ध निरूपण त्याला हवे आहे. पाद्री-गुरू ते मान्य करतात आणि कथा सुरू होते. पहिल्या पुराणात जुन्या कराराचे छत्तीस प्रसंग, दुसऱ्यात येशूच्या चरित्राचे एकोणसाठ. मधूनमधून श्रोता शंका काढतो आणि गुरू कथा थांबवून तिचे निरसन करतात. ही चौकट आपल्या पुराणांतून घेतली, असे म्हणून समीक्षक मोकळे होतात. घेतली आहे हे खरेच. पण ती रोजच्या अनुभवातूनही भरली आहे. ज्याने वर्षानुवर्षे वर्ग घेतले आहेत त्यालाच कोठे श्रोत्याचे लक्ष उडते आणि कोठे शंका येते हे ठाऊक असते. ग्रंथातील काही लांब निरूपणे आज कंटाळवाणी वाटतात, हे आम्ही लपवू इच्छित नाही. परंतु कंटाळा आला की श्रोत्याच्या तोंडी प्रश्न येतो, हेही आम्ही पाहिले आहे.

त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात मात्र एक काटा आहे, आणि तो न काढता पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. पुराणे का नाहीत? कारण ती काढून घेतली होती. १५६७ साली सासष्टीतील देवळे पाडली गेली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीस रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले. मृतदेह ताब्यात घेण्याच्या कामी स्टीफन्स होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले. तो जुलै आणि भावाला लिहिलेले ते भाषाविषयक पत्र यांत तीन महिन्यांचे अंतर आहे. ‘सहिष्णू पाद्री’ असे स्टीफन्स यांचे चित्र रंगविणाऱ्यांनी हे अंतर आठवावे. उलट, त्यांना केवळ परकीय सत्तेचे हस्तक म्हणणाऱ्यांनी त्यांचे पूर्वायुष्य आठवावे. विल्टशायरमधील बुश्टन गावचा हा मुलगा, ज्या इंग्लंडात कॅथलिक पंथाचे आचरण गुन्हा ठरले होते तेथे, थॉमस पाउंड या कॅथलिक मित्राचा नोकर म्हणून वेषांतर करून वावरला. मित्र तुरुंगात गेला, आणि स्टीफन्स १५७५ साली रोममध्ये जेझुइट झाले. स्वदेशी ज्याच्या धर्मावर सरकारची बंदी होती, तो परदेशी सरकारी धर्माचा पाद्री झाला. या विरोधाभासावर त्यांनी कोठे भाष्य केल्याचे आमच्या वाचनात नाही. ज्यांना श्रद्धेसाठी लपावे लागले, त्यांना दुसऱ्याच्या लपलेल्या श्रद्धेची जाण असते, असे मानण्यास इतिहासात फारसा आधार नाही.

तरीही ज्या ब्राह्मणाची पोथी गेली, त्याच्या तोंडी ही मागणी ग्रंथाच्या आरंभीच घातली गेली आहे. लेखक स्टीफन्सच असल्याने ही मागणी त्यांनीच रचलेली असणार, असे कोणी म्हणेल. म्हणो. तरी ग्रंथाला कारण म्हणून त्यांनी निवडली ती एका रिकाम्या जागेची जाणीव. ती जागा तशीच राहू देणे त्यांना योग्य वाटले नाही.

आता भाषेचा प्रश्न. प्रास्ताविकात स्टीफन्स सांगतात की ग्रंथ मराठीत आहे, कारण देवाच्या गोष्टींसाठी येथील जाणत्यांना हीच भाषा योग्य वाटते. पण शुद्ध मराठी मध्यम लोकांस समजत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द त्यात मिसळले आहेत. ब्राह्मणांची बोली म्हणजे कोंकणी. हे विधान आमच्या मते उपमांच्या त्या ओव्यांहून मोलाचे आहे; तीत सजावट नाही, एक निर्णय आहे. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांनी कोंकणीतच केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली राचोलास छापले गेले. कोंकणीचे व्याकरणही केले. दिओगु रिबैरो यांनी वाढविलेले ते व्याकरण १६४० साली निघाले आणि ते भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण मानले जाते. म्हणजे मुलांच्या पाठांतराला कोंकणी, पाद्रींच्या शिक्षणाला कोंकणीचे व्याकरण, आणि पुराणश्रवणाला मराठी, अशी कामाप्रमाणे वाटणी. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे जो वाद झाला, त्यात दोन्ही पक्षांनी स्टीफन्स यांना आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे केले. साक्ष मात्र दोघांनाही अडचणीची आहे. मराठी सासष्टीत परकी होती असे तिच्यातून निघत नाही, आणि मराठी घराघरात बोलली जात होती असेही निघत नाही. पोथीची भाषा आणि चुलीपुढची भाषा निराळ्या असूनही दोन्ही आपल्याच असू शकतात, हे इंदूर-बडोद्याकडील आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

अशी मिसळण शब्दकळेतही आहे. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास या पाद्रींची जीभ अडखळली नाही, याचे अनेकांना नवल वाटते. आम्हांस नवल वाटते ते याचे, की धर्मसंस्कारांच्या ज्या संज्ञा श्रोत्यांच्या कानावर प्रार्थनेत पडतच होत्या, त्या पोर्तुगीज-लॅटिन संज्ञा त्यांनी मुळाबरहुकूम ठेवल्या. जेथे श्रोत्याला ओळखीचे चित्र हवे तेथे वैकुंठ, जेथे नेमकेपणा हवा तेथे परका शब्द. हा भाषिक उदारपणा नव्हे, शिकविणाऱ्याचा हिशेब आहे.

१६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या; त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यांनी स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेत शिकविण्यासाठी एक माणूस चाळीस वर्षे खपला, ती भाषाच त्याच्या मागून आलेल्यांना नकोशी झाली. ग्रंथ टिकला तो स्थलांतरामुळे. गोवा सोडून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते बरोबर नेली, आणि त्या प्रतींच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास आवृत्ती काढली. टिपूच्या कैदेत या लोकांनी पुराणाच्या ओव्या म्हणून धीर धरला, असे त्यांच्यात परंपरेने सांगतात. घर सोडताना भांड्यांबरोबर पोथी उचलणारी माणसे आपल्याही घराण्यांत होऊन गेली.

पुढे १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांना लंडनच्या मार्सडेन संग्रहात ग्रंथाची देवनागरी प्रत आढळली. हे ॲबटही मराठी मुलुखात आयुष्य घालविलेले अमेरिकन मिशनरीच, आणि आपल्या संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक. या प्रतीत पोर्तुगीज शब्दांच्या जागी बरेचदा संस्कृत शब्द येतात. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यास देवनागरी आवृत्ती सिद्ध केल्यापासून महाराष्ट्रातील वाचकाला ग्रंथ हाती घेणे सोपे झाले. मूळ पाठ कोणता, देवनागरीतला की रोमनमधला, हा वाद अभ्यासकांत आहे. लिपीविषयीची स्टीफन्स यांची तळमळ पाहता देवनागरीच्या बाजूने बोलावेसे वाटते, आणि मराठी अभिमानालाही ते बरे वाटते. परंतु प्रास्ताविकात सांगितलेली ती मिसळण आणि इगर्जीत रोज कानी पडणारे ते शब्द ज्या पाठात आहेत, तो रोमन लिपीतलाच पाठ आम्हांस त्यांच्या अधिक जवळचा वाटतो. संस्कृत शब्दांनी शोभिवंत झालेली प्रत पंडितांसाठी असेल. सासष्टीतल्या त्या वर्गात उठून प्रश्न विचारणाऱ्याला दिलेले उत्तर दुसऱ्या प्रतीत आहे.