बुडबुड्याचा बांध

फ्लो सायटोमीटर पेशी मोजायला कधीच हळू नव्हता. रंगवलेल्या पेशी बारीक धारेतून एकामागून एक लेसरसमोरून जातात, सेकंदाला हजारोंनी. वेळ जायचा तो बाहेरच्या खटपटीत: नळी लावा, मोजा, काढा, मार्ग धुवा, पुढची लावा. शिरूर-दौंडकडच्या दूध सेंटरवर सकाळी रांगेत उभं राहणाऱ्याला हे लगेच पटेल. फॅट मशीन आकडा झटपट देतं, पण नमुना बदलायला हात लागतोच.

त्या हाताच्या जागी यांत्रिक हात बसवला की काम झालं, असं कुणालाही वाटेल. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या ब्रूस एडवर्ड्स आणि लॅरी स्क्लार यांच्या गटाने ती उठाठेवच काढून टाकली. २००१ च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या हायपरसाइट नावाच्या यंत्रणेत ९६ खळग्यांच्या प्लेटवर एक सुई फिरते. खळग्यात बुडते, एक-दोन मायक्रोलिटर द्रव ओढते, वर उठते. ओढणारा पंप मात्र थांबत नाही. त्यामुळे एका खळग्यातून दुसऱ्याकडे जाताना सुई हवाच ओढते आणि दोन नमुन्यांमध्ये आपसूक एक बुडबुडा बसतो. किती देखणी युक्ती आहे ही! सुईची रिकामी फेरी फुकट जात नाही; तीच दोन वावरांमधला बांध होते.

आता लेसरलाही थांबायचं कारण उरत नाही. अख्खी प्लेट एकाच सलग फाइलमध्ये नोंदली जाते. ती फाइल काळाच्या अक्षावर मांडून पाहावी: पेशींचा पुंजका, मोकळी फट, पुन्हा पुंजका. त्या फटींवरून संगणक ठरवतो, हा तिसरा खळगा, हा चौथा. ९६ नमुने काही मिनिटांत संपतात.

उणीवही आहे. आधीच्या नमुन्यातल्या थोड्या पेशी नळीला चिकटून पुढच्यात येतात, म्हणून मध्ये मध्ये धुवावं लागतं.

दुधात ही उणीव फार नडली असती. डेन्मार्कच्या फॉस कंपनीचं फॉसोमॅटिक यंत्र दुधातल्या पेशी याच फ्लो सायटोमेट्रीने मोजतं. तिथे बाटल्यांची रॅकच सुईखाली सरकत येते. कास वरून सुजलेली नसतानाही कासदाहात पेशी वाढलेल्या असतात, आणि मिलिलिटरमागे दोन लाखांच्या वर गेल्या की संसर्गाचा संशय धरतात. मागच्या गाईच्या पेशी पुढच्या बाटलीच्या हिशेबात आल्या, तर केडगावच्या गोठ्यातल्या धडधाकट गाईला इंजेक्शन, आणि काही दिवस तिचं दूध सेंटरला बंद.