दावणीवरचा बैल आणि बाजारातला बैल

मराठी ग्रामीण साहित्यात बैल पुष्कळ आहे. खांदेमळणीचा बैल आहे, पोळ्याचा बैल आहे, धन्यासाठी जीव टाकणारा बैल आहे, आणि विकला जाताना मागे वळून पाहणारा बैल तर जागोजाग आहे. परंतु विकल्यानंतर हा बैल जातो कोठे? त्याला कोण घेतो, किती रुपयांना घेतो? त्याचे मांस कोणाच्या चुलीवर शिजते, त्याचे कातडे कोण कमावतो, त्या कातड्याचा जोडा कोण शिवतो आणि कोण घालतो? ह्या प्रश्नांशी आली की आपली लेखणी थबकते. बैलाच्या डोळ्यांतले पाणी तिला दिसते. बैल घेणाऱ्याच्या हातातले पैसे आणि विकणाऱ्याच्या हातातली गरज तिला दिसत नाही. ही केवळ वाङ्मयीन उणीव आहे असे मी मानत नाही. साहित्याने जो हिशेब मांडला नाही, त्याची किंमत आज शेतकरी, खाटीक, ढोर आणि चर्मकार मोजत आहेत.

हा विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे वडील चिखली तालुक्यातील एका गावी सालदार होते. पुढे सालदारकी सोडून त्यांनी ठोक्याने शेती केली आणि कर्ज काढून बैलजोडी घेतली. २००८ साली मी महाविद्यालयात जायला निघालो, तेव्हा त्या जोडीतला एक बैल थकला होता. तो बाजारात नेला. हेड्याने तोंड उघडून दात पाहिले, पाठीवर हात फिरवला, दलालाने रुमालाखाली बोटे दाबली आणि सौदा झाला. घेणारा नांगरासाठी घेत नाही हे वडिलांना ठाऊक होते, दलालाला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. वडील परतताना एक शब्द बोलले नाहीत. त्या पैशांतून माझी फी गेली, पुस्तके आली आणि उरलेल्यात भर घालून एक गोऱ्हा आला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या पदवीत त्या बैलाचा वाटा आहे, हे मी वर्गात विद्यार्थ्यांनाही सांगतो.

त्या काळी हा व्यवहार कायद्याने चालत होता. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ सालचा. त्याने गायीच्या कत्तलीला बंदी केली, पण काम न देणारा बैल अधिकाऱ्याच्या दाखल्याने कापता येत असे. १९९५ साली विधिमंडळाने बैल आणि वळू यांनाही बंदी लागू करणारी दुरुस्ती संमत केली. वीस वर्षे पडून राहिलेल्या त्या दुरुस्तीला २०१५ च्या आरंभी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याच वर्षाच्या मार्चमध्ये ती अंमलात आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, पण कत्तलीची बंदी कायम ठेवली. म्हशी-रेड्यांना ही बंदी नाही.

आता ह्या कायद्याने बाजारात काय झाले ते पाहू. शेतकऱ्याचा बैल ही त्याची बँक असते. आदत गोऱ्हा घ्यावा, तो दोनदाती, चौसा होईपर्यंत शिकवावा, जुळल्यावर आठ-दहा वर्षे राबवावा आणि थकला की विकून त्या पैशांत भर घालून नवा घ्यावा, असे हे चक्र होते. म्हाताऱ्या बैलाची शेवटची किंमत हा ह्या चक्राचा आस होता. कायद्याने तो आस काढला. शेवटी काहीच मिळणार नाही हे ठरल्यावर तरण्या बैलाचीही किंमत उतरते, कारण घेणारा आज घेताना उद्याचे विकणे मनात धरूनच बोली लावतो. संकरित गायीला झालेला गोऱ्हा नांगराला चालत नाही आणि आता बाजारालाही चालत नाही. तो जन्मतःच ओझे ठरतो. बंदी नसलेल्या रेड्याची गाडीही रस्त्यात अडवली जाऊ लागल्यावर व्यापारी तो धोका पत्करत नाही, किंवा पत्करला तर त्याचे पैसे शेतकऱ्याच्या भावातून कापतो. २०२५ च्या पावसाळ्यात ह्या जाचाला कंटाळून राज्यातील कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच बंद ठेवली, तेव्हा म्हशींचाही बाजार बसला. जो देश म्हशीचे मांस परदेशी पाठवणाऱ्या मोठ्या देशांत मोडतो आणि त्यावर वर्षाला हजारो कोटी रुपये मिळवतो, त्याच देशात म्हैस विकायला नेणाऱ्या माणसाला रस्त्यावर जीव मुठीत धरावा लागतो.

आमच्या घरी हे २०१६ साली आले. दोन वर्षांच्या दुष्काळाने कडबा महागला होता. जोडीतला दुसरा बैल बसला की उठत नसे. तीन बाजार केले, गिऱ्हाईक लागले नाही. वडील म्हणाले, "ढोराले काय घालू आन् लेकरायले काय?" एका रात्री त्यांनी त्याचे दावे सोडले आणि गावाबाहेर हाकलून आले. ज्या माणसाने उभ्या जन्मात बैलाला आसूड मारला नाही, त्याला हे करावे लागले. विकलेल्या बैलाबद्दल ते पूर्वी गप्प राहिले होते. ह्या सोडलेल्या बैलाबद्दल ते आजही बोलत नाहीत. असे मोकाट बैल रात्री दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरतात, मार खातात आणि कोठेतरी पडतात. गोरक्षणाच्या कायद्याने ह्या बैलाचे कोणते रक्षण झाले?

पशुगणनेचे आकडे ह्याच दिशेने बोलतात. महाराष्ट्रात २०१२ साली गाय-बैल सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ साली ते १ कोटी ४० लाखांवर आले. ह्या घटीला दुष्काळ आणि ट्रॅक्टर हीदेखील कारणे आहेत, हे मान्य. पण रक्षणाचा कायदा होऊनही दावणी रिकाम्या होत राहिल्या, एवढे तर खरे.

ही पार्श्वभूमी ठेवून आपल्या साहित्याकडे वळू. आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) ही ह्या विषयावरची महत्त्वाची कादंबरी. मालक ट्रॅक्टर आणतो आणि मळ्यातली जनावरे एकेक करून जातात. नारबा ह्या गड्याचा गोतावळा तुटतो. यंत्राने जनावराला आणि जनावरासोबत राबणाऱ्या माणसाला एकाच वेळी निरुपयोगी ठरवले, हे यादवांनी अचूक पकडले. पण निवेदक नारबाच असल्यामुळे कादंबरीची नजर मळ्याच्या बांधावर थांबते. जनावर घेऊन जाणाऱ्याच्या घरातही चूल आहे, हे तिला सांगायचे नाही. लेखकाचा तो हक्क आहे. पण तिच्यामागून आलेल्या कित्येकांनी तिचा कारुण्यभाव उचलला आणि तिच्यातले अर्थकारण सोडून दिले.

आमच्याच जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ह्या बाबतीत पुढे गेलेली आहे. शिकून शेतीत अडकलेल्या एकनाथची ती कथा. पेरणीपासून बाजारभावापर्यंत शेती तोट्यात कशी जाते ते तिच्यात दिसते. २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे २००६ साली विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी सरकारी पॅकेजे आली, त्यांत बुलडाणा होता आणि त्यांत दुभत्या गायींचे वाटपही होते. चारा-पाण्याचा खर्च न पेलवल्याने त्या गायी कित्येकांना ओझे झाल्या. 'बारोमास' वाचलेल्या माणसाला ह्याचे आश्चर्य वाटले नसते. परंतु शेतकऱ्याच्या तोट्याचा हिशेब मांडणारी आपली चांगली कादंबरीसुद्धा गुरांच्या बाजाराच्या पलीकडच्या वस्तीत अजून शिरलेली नाही.

येथे काहीजण जोतीरावांचा दाखला पुढे करतील. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये गोऱ्या शिपायांच्या ताटासाठी गायी-बैल कापले जातात आणि शेतकऱ्याला औताला जनावर उरत नाही, अशी तक्रार आहे. ही कत्तल थांबवावी असेही फुले सांगतात. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण त्यांची कसोटी कोणती होती ते पाहावे. ती धर्माची नव्हती, कुणब्याच्या नफ्या-तोट्याची होती. त्या काळी बैलाशिवाय नांगर नव्हता. आज बैल थकलेला आहे, नांगर ट्रॅक्टरला आहे आणि कडबा विकत आहे. तीच कसोटी आज लावली तर उत्तर उलट येते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बैल शेवटपर्यंत शेण आणि मूत्र देतो म्हणून तो निरुपयोगी नसतो, हा युक्तिवाद मान्य केला. त्या शेणासाठी लागणारा कडबा मात्र कोरडवाहू शेतकऱ्यानेच घालायचा आहे. २०२४ साली राज्य सरकारने देशी गायीला 'राज्यमाता' म्हटले आणि गोशाळेतील गायीमागे दिवसाला पन्नास रुपये देऊ केले. माझ्या वडिलांच्या दावणीला ते पन्नास रुपये लागू नव्हते.

आता आपल्याकडे वळले पाहिजे. दलित साहित्याने मेलेल्या ढोराचे मांस लिहिले. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये ते आहे आणि मराठी वाचक त्याने हादरला. पण आपण ते प्रामुख्याने भुकेची आणि लाजेची आठवण म्हणून लिहिले, आणि त्याला कारण होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. पुढे 'केसरी'तून मेलेल्या ढोरांची शिंगे, हाडे, कातडी यांचे किती पैसे बुडतात, याचा हिशेब आपल्याला शिकवला गेला. एवढा नफा असेल तर तो तुम्हीच घ्या, असा टोला बाबासाहेबांनी दिल्याचे त्यांनी १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितले आहे. त्या उत्तरात आपल्या समीक्षेचे सूत्र आहे. दुसऱ्याने लादलेले काम नाकारणे हे स्वातंत्र्य आहे. पण दुसऱ्याने कायदा करून आपल्या ताटातले काढणे आणि आपला धंदा बंद पाडणे, हे त्या स्वातंत्र्याच्या नेमके विरुद्ध आहे. महाडचा त्याग आणि २०१५ ची बंदी ह्यांना एका ओळीत बसवणारे लोक आपल्या चळवळीतही आहेत. ते फसत आहेत.

योगायोग असा की त्याच २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद त्यांनी लाज न धरता केली. चान्या, रक्ती, वजडी हे शब्द आमच्या घरात होते, पण पुस्तकात पाककृती म्हणून वाचताना मला प्रथमच वाटले की आमची आई सुगरण होती. ह्या पुस्तकाने भुकेच्या साहित्याला अन्नाच्या साहित्यापर्यंत आणले. पुढची पायरी कामाची आणि बाजाराची आहे, ती अजून चढायची आहे.

हा धंदा पवित्र म्हणून लिहावा असे माझे म्हणणे नाही. रुमालाखालच्या बोटांनी गरजू शेतकरी लुबाडला जातो, गाडीत कोंबलेल्या जनावराचे हाल होतात, कातडे कमावणाऱ्याचे हात सडतात. हे सारे लिहिले पाहिजे. २०२५ साली इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल मिरवली, तेव्हा मराठी अभिमान खवळून उठला. त्या चपलेचे कातडे आता कोठून येते आणि शिवणाऱ्याला काय पडते, हे विचारणारे थोडे होते. विचारायला साहित्याने शिकवले असते तर अधिक असते.

कुरेश्याच्या घरातून, ढोरवाड्यातून, खाटकाच्या दुकानातून लिहिणारा मराठी लेखक अजून यायचा आहे. तो येईपर्यंत मी माझ्या विद्यार्थ्यांना एक साधे काम देतो. पोळ्याच्या करीनंतरच्या पहिल्या बाजाराला जा, एका बैलामागे दिवसभर फिरा, आणि घेणारा, विकणारा, दलाल, पावती फाडणारा यांचे बोलणे आणि भाव जसेच्या तसे लिहून आणा. गेल्या वर्षी एका मुलीने अडीच पाने आणली. शेवटची ओळ अशी होती, की बैल विकला गेला नाही आणि म्हातारा त्याच्यासोबत पायीच परत गेला. मी तिला पूर्ण गुण दिले.