दोन कोष्टकं आणि एक कबर

पुणे जिल्ह्याचं १८८५ सालचं गॅझेटिअर तीन भागांत आहे आणि तिन्ही भाग आज फोनवर फुकट वाचता येतात. शिरूर किंवा दौंडबद्दल कुणी 'आपल्या गावाचा इतिहास' म्हणून पोस्ट टाकली, की खणत गेल्यावर तळाशी बहुतेक वेळा हेच पुस्तक सापडतं, भले टाकणाऱ्याला त्याचं नावही माहीत नसो. आपण त्याला संदर्भग्रंथ म्हणतो आणि त्यामुळे ते पुस्तक म्हणून वाचतच नाही. त्याचा एक लेखक-संपादक आहे (जेम्स कॅम्पबेल, ब्रिटिश सनदी अधिकारी), त्याची एक शैली आहे, आणि मुख्य म्हणजे त्याचा एक साचा आहे.

साचा असा. पहिल्या भागात माणसं. ब्राह्मणांपासून सुरुवात, मग व्यापारी, शेतकरी, कारागीर अशी उतरंड, पुढे मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बेने इस्रायली. प्रत्येकाला साधारण तेच रकाने: दिसतात कसे, घर कसं, खातात काय, नेसतात काय, स्वभाव कसा, लग्न-मर्तिक कसं. तिसऱ्या भागात गावं, इंग्रजी अक्षरक्रमाने: देवळं, बाजार, स्टेशन, लोकसंख्या.

मी पोटासाठी डेटाबेसचं काम करतो, त्यामुळे मला हे लगेच खुपलं. दोन कोष्टकं आहेत, दोन्ही भरगच्च आहेत, पण एकाला दुसऱ्याशी जोडणारी किल्लीच नाही. जिल्ह्यातला तांबोळी काय खातो ते कळतं. दौंडाला स्टेशन आहे हेही कळतं. पण दौंड स्टेशनाबाहेर पान कोण विकत होतं, गिऱ्हाईक कोण होतं आणि दोघं कोणत्या भाषेत घासाघीस करत होते, हा प्रश्न या पुस्तकाला विचारायची सोयच ठेवलेली नाही.

इतर गावांच्या बाबतीत हे एकवेळ खपून जातं. शिरूर आणि दौंडच्या बाबतीत खपत नाही, कारण ही दोन्ही गावं मूळ गावाच्या कडेला बाहेरून आणून वसवलेल्या वस्तीमुळे मोठी झाली. शिरूरला छावणी, दौंडला रेल्वे. पुणं इतकं पसरण्याआधीची ही एका अर्थी उपनगरंच. फक्त शहर लांब होतं.

दौंडची नोंद त्रोटक आहे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा रेल्वेमार्ग तिथून गेलेलाच होता. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. म्हणजे गॅझेटिअर छापलं जात होतं तेव्हा गाव डोळ्यांदेखत बदलत होतं. इंजिन चालवणारे अँग्लो-इंडियन, दक्षिणेतून नि उत्तरेतून आलेले कामगार, त्यांची क्वार्टर्स, त्यांचं चर्च, आणि या सगळ्यांत चालणारी मराठी धाटणीची जंक्शनी हिंदी. रेल्वेची गावं अशीच घडतात. पण गावांच्या भागात स्टेशन येतं, स्टेशनातली माणसं येत नाहीत.

पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात आली की इंजिन सोडून उलट्या टोकाला जोडावं लागे. त्या खोळंब्यात प्लॅटफॉर्मवर किती धंदे आणि किती ओळखी झाल्या असतील, ते कुठल्याच गॅझेटिअरात येणार नाही. आता कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्या मुख्य स्टेशनात न शिरताच जातात. वेळ वाचतो, तक्रार नाही. पण ते प्लॅटफॉर्मवरचं गाव नोंद न होताच चाललंय.

शिरूरकडे वळलं की पुस्तकात जीव येतो. एसटीच्या पाटीवर आजही 'शिरूर (घोडनदी)' असतं, बीडच्या शिरूर कासारशी घोटाळा नको म्हणून. इथल्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढली. तुकडीत मुंबईचं पायदळ होतं, पुण्याचे घोडेस्वार होते, मद्रासचे तोफखानेवाले होते. कोरेगावची लढाई हे पुस्तक तब्येतीत सांगतं. तेव्हा 'ते गॅझेटिअर आहे, त्याच्याकडून गोष्टीची अपेक्षा कशाला' हा बचाव मला पटत नाही. मनात असेल तिथे त्याला गोष्ट सांगता येते.

आणि मग कर्नल वॉलेसची कबर. १८०३ साली असईला लढलेला हा अधिकारी १८०९ मध्ये शिरूरला वारला. गॅझेटिअर सांगतं की लोक त्याला सत्पुरुष मानतात, सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवतात. आणि ब्राह्मण व मारवाडी सोडले तर शिरूरचे आणि आसपासच्या गावांतले सगळे हिंदू या कबरीला भजतात.

हे वाक्य दोनदा वाचा. इथे दोन्ही कोष्टकं अचानक जुळतात. जाती आहेत, गाव आहे, कोण जातं आहे, कोण जात नाही आहे, आणि मधोमध एका गोऱ्या ख्रिस्ती सैनिकाची कबर. माझ्या मते शिरूरच्या नोंदीतला हा सर्वांत चांगला मजकूर आहे, कारण इथे साचा संपादकाच्या हातून निसटला. वाईट एवढंच की तो लगेच सावरतो. पहिला नैवेद्य कुणी ठेवला? छावणीतल्या शिपायाने की छावणीला भाकरी पुरवणाऱ्या घराने? ही माया होती की भीती? आणि ब्राह्मण-मारवाडी का गेले नाहीत: बाटण्याची धास्ती की छावणीशी असलेला वेगळा, रोकडा संबंध? या प्रश्नांच्या उत्तरात शिरूरचा सगळा सामाजिक इतिहास निघाला असता. पुस्तक पुढच्या नोंदीकडे जातं.

साचा फक्त अपुरा असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पहिल्या भागात काही जमातींना 'अस्थिर' अशा मथळ्याखाली टाकून त्यांच्या स्वभावाबद्दल ठाम शेरे मारले आहेत. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. त्या कायद्याची भाषा आणि ही भाषा एकाच कचेरीतली वाटते. तो कायदा १९५२ मध्ये गेला. शेरे मात्र आजही 'इतिहास' म्हणून जसेच्या तसे उचलले जातात आणि आजच्या पारधी वस्तीतल्या पोराला चिकटतात. रांजणगावच्या एमआयडीसीत बिहार-यूपीहून आलेल्या कामगाराबद्दल आपण बोलतो तेव्हाही एकच रकाना भरतो: परप्रांतीय. तो कुणाच्या खोलीत राहतो, किराणा उधारीवर कुठून घेतो, त्याची मुलं कोणत्या माध्यमात शिकतात, हे रकाने रिकामेच.

साच्यात न मावणारं उदाहरण दौंड तालुक्यातच आहे. पंडिता रमाबाई: जन्माने चित्पावन, नवरा बंगाली कायस्थ, बाप्तिस्मा इंग्लंडात, १८८३ साली. कॅम्पबेलने त्यांना कोणत्या मथळ्याखाली घातलं असतं? पुढे दुष्काळात होरपळलेल्या मध्य प्रांतातल्या आणि गुजरातेतल्या बायकामुली त्यांनी केडगावला आणल्या. तिथल्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत होत्या. मराठीबरोबर हिब्रू आणि ग्रीकसुद्धा. हे गॅझेटिअरनंतरचं आहे, त्याला दोष नाही. पण १९५४ च्या सुधारित आवृत्तीतही माणसं एका प्रकरणात आणि गावं दुसऱ्यात, हा ढाचा सुटलेला नाही.

दुसरी पद्धत आपल्याकडे आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावाबद्दल केलं तसं: माणसांना बसवून ऐकायचं आणि त्यांच्याच तोंडून गाव उभं करायचं. दौंडच्या निवृत्त ड्रायव्हर-गार्डांच्या बाबतीत ते काम फार पुढे ढकलता येणार नाही. तोवर गॅझेटिअर वाचायचं असेल तर तिसरा भाग उघडा, शिरूरची नोंद काढा, आणि शेजारच्या टॅबमध्ये पहिला भाग ठेवा. गावाच्या नोंदीतलं प्रत्येक वाक्य वाचताना तिकडची कोणती माणसं इथे उभी असायला हवी होती, ते बघत चला. वेळ लागतो. मला वॉलेसच्या त्या एका परिच्छेदाला एक अख्खा रविवार लागला.