मुकेपणाचे निदान

पहिलीच्या वर्गात शेवटच्या बाकावर आम्ही दोघे बसायचो, मी आणि माझा चुलतभाऊ. मी 'पानी' म्हणालो की वर्ग हसायचा, म्हणून मी बोलणेच सोडले होते. त्याला हाक मारली तरी तो वळायचा नाही. गुरुजींनी दोघांचे एकच निदान केले : 'ह्या पोरांना भाषाच नाही.' पुढे मी प्राध्यापक झालो. तो चौथीत शाळेतून सुटला. त्याला कमी ऐकू येते हे आम्हाला कळले, तेव्हा तो वीटभट्टीवर कामाला लागला होता.

आमच्या गुरुजींच्या ह्या निदानाला विद्वानांचाही आधार मिळालेला आहे. 1966 साली अमेरिकेत बेरायटर आणि एंगेलमन या शिक्षणतज्ज्ञांनी गरीब कृष्णवर्णीय मुलांची बोली तर्कशुद्ध विचाराला अपुरी ठरवली. विल्यम लबोव या भाषाशास्त्रज्ञाने 1969 साली या मताचा समाचार घेतला. हार्लेममधला आठ वर्षांचा लिऑन मुलाखतीत एकेका शब्दात उत्तरे देई. मुलाखत घेणारा माणूस कृष्णवर्णीयच होता, तरीही. मग तो माणूस बटाट्याचे वेफर घेऊन आला, लिऑनच्या मित्राला सोबत बसवले, स्वतः जमिनीवर बसला. लिऑन बोलू लागला, भांडू लागला, मित्राच्या बोलण्यात बोलणे घालू लागला. मूल तेच होते. बदलली होती ती बैठक. 1979 साली ॲन आर्बर येथील खटल्यात न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी मुलांची घरची बोली ध्यानात न घेणाऱ्या शाळेलाच जबाबदार धरले. 1972 साली 'ब्लॅक पँथर'वरून आपले नाव घेणाऱ्या चळवळीच्या वारसदारांना हा वाद परका वाटू नये.

मूल भाषा शिकते म्हणजे काय करते? ते नुसती नक्कल करीत नाही, नियम शोधते. दोन-तीन वर्षांचे मूल 'मी करलं' म्हणते. घरात सगळे 'केलं' म्हणत असतात; पण 'बसलं', 'पडलं' ऐकून त्याने नियम काढलेला असतो. हे काम वाड्यातले मूल करते तसेच वस्तीतलेही करते. 'पानी' म्हणणारा मी 'लोनी' आणि 'कोन'ही म्हणत होतो. 'ण'च्या जागी 'न', हा आमच्या बोलीचा नियम होता आणि तो मी बिनचूक पाळत होतो. शुद्धतेची साक्ष संस्कृतातूनच काढायची म्हटली, तर 'पानीय' आणि 'नवनीत' या दोन्ही शब्दांत 'न'च आहे. अर्थात माझ्या आईच्या बोलीला त्या साक्षीची गरज नाही.

भाषेला खरी इजा होते ती वेगळी. 1861 साली पॅरिसमध्ये डॉक्टर ब्रोका यांनी एक रुग्ण पाहिला. तो फक्त 'तां' एवढेच उच्चारू शकत होता. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात बिघाड आढळला. पण विचारलेली संख्या तो बोटांनी दाखवीत असे. म्हणजे ज्याची वाणी खरोखर गेली होती, त्याचीही समज उरली होती. जन्मतः बहिऱ्या मुलाला लहानपणीच खुणांची भाषा मिळाली, तर ते ती पूर्ण व्याकरणासह आत्मसात करते. ना आवाज पोहोचला, ना खूण, तरच त्याची उपासमार होते.

म्हणून 'अशुद्ध' हा शब्द दुहेरी घात करतो. ज्याला भाषा आहे त्याला तो मुका ठरवतो; आणि ज्याला उपचार हवा आहे, त्याचे दुखणे 'घरचे वळण' म्हणून झाकून टाकतो. माझ्या भावाचे कान कोणी तपासले नाहीत, कारण आमच्यासारख्याचे पोर गप्प असणे कोणाला नवल वाटले नाही.

आपल्या समीक्षेनेही हेच निदान केले. दलित आत्मकथनांची भाषा कच्ची, ओबडधोबड, असे शेरे मारले गेले. याला अपवादही आहे. 1972 साली 'गोलपिठा'ची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी न कळलेल्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले. न समजणे ही वाचकाचीही उणीव असू शकते, एवढी कबुली त्यात आहे. 1920 साली बाबासाहेबांनी पत्राला 'मूकनायक' नाव दिले, तेव्हा ज्यांना मूक म्हटले ते बोलत नव्हते थोडेच? त्यांचे ऐकले जात नव्हते.

आता माझा गुन्हा. एका विद्यार्थ्याच्या निबंधातल्या प्रत्येक 'व्हता'खाली मी लाल रेघ ओढली आणि शेवटी लिहिले, 'भाषा सुधारा.' त्याने काय मांडले होते, यावर एक अक्षर लिहिले नाही. त्यानंतर तो तासाला तोंड उघडेना. परीक्षेची प्रमाण मराठी त्याला शिकवलीच पाहिजे. तिच्यावाचून नोकरीचे दार उघडत नाही. पण ती दुसरी भाषा म्हणून शिकवावी, पहिली मारून नव्हे.

पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान तपासा, आणि शिक्षकांना मुलांच्या बोली शिकवा. या दोन्ही मागण्या आपण एकत्रच केल्या पाहिजेत. त्या बाकावर आम्ही दोघे होतो.